सुट्टीवर गेलेल्या बायका

माझ्या भावाच्या घरी मुलगी सांभाळायला किती बायका आल्या आणि गेल्या, ते मोजणं मी केव्हाच सोडून दिलं. दिवसभर लोकांचे शर्ट मोजते तेवढं पुरे. इमारतीच्या तळाला माझी लाँड्री, बरोबर डोक्यावर भावाचं घर, आणि वर जाणारा जिना माझ्या काउंटरसमोरून जातो. त्यामुळे प्रत्येक बाई मला येताना दिसली आणि जाणार हेही मला आधी कळलं. नोकरी सोडायचं मनात आलं की बाई जिना हळू चढायला लागते. हे मी भावजयीला सांगायचे, तर ती म्हणायची, "ताई, तुमचं आपलं काहीतरीच." आणि पुढच्या सोमवारी बाई गायब.

एक होती नाजूकताई. मुलीला उचललं की हिची कंबर धरायची आणि नाही उचललं की हिला वाईट वाटायचं. एक होती अभ्यासूताई, कसल्याशा परीक्षेची तयारी करत होती. ती पास झाली आणि आम्ही नापास झालो. एक सदानकदा फोनवर. तिला माझ्या भावानं इतक्या गोड शब्दांत समज दिली की तिला ती शाबासकी वाटली, मग मी वर जाऊन चार शब्द सुनावले आणि ती गेली. एकीचं लग्न ठरलं. आणि एक तर पहिल्याच दुपारी "आलेच हं" म्हणून खाली उतरली, ती अजून येतेच आहे.

माझा भाऊ पाण्याचे पंप विकतो, आठवड्यातले निम्मे दिवस फिरतीवर. तो म्हणजे देवमाणूस, आणि देवमाणसं जेवढा घोळ घालतात तेवढा लबाड माणूस जन्मात घालत नाही. भावजय मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर काम करते. ज्यांच्या किडन्या दमल्या आहेत अशी माणसं सकाळी सकाळी येऊन तिच्यासमोर हात पुढे करतात, ती सुई लावते, रक्त मशीनमधून स्वच्छ होऊन परत अंगात जातं. म्हणजे धुलाईचंच काम, फक्त माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचं. ती माणसं तिच्यावर जीव टाकतात, कारण तिच्या हातची सुई दुखत नाही. पण त्यांना "आज आमची बाई आली नाही, रक्त उद्या धुऊ" असं सांगता येत नाही ना. तिच्या अशा रजा इतक्या झाल्या की विभागाच्या मोठ्या बाईंनी तिला बजावून टाकलं, आता पुन्हा अचानक दांडी मारलीत तर खाली केसपेपरच्या खिडकीवर बसवीन.

त्या संध्याकाळी भावजय वर न जाता माझ्या दुकानातच उभी राहिली. "ताई, त्या खिडकीत बसून मी वेडी होईन हो," म्हणाली. ती अशी बोलणाऱ्यातली नाही. तिला ताप आला तरी आम्हाला थर्मामीटरवरून कळतं. म्हणून मी तिथल्या तिथे ठरवलं, की आता बाई मी बघणार. हे दोघं नवराबायको मुलाखत घेतात म्हणजे समोरच्या बाईला चहा देतात आणि तिला काही त्रास तर होणार नाही ना, असं विचारतात.

मी ओळखीपाळखीत सांगून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी दुकानात एक उंच बाई येऊन उभी राहिली. केस पांढरे, पाठ ताठ, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस काही कारण नसताना पुढे सरकला. सिटी बसमध्ये कंडक्टर होती, नुकतीच निवृत्त झाली होती.

"लहान मुलं सांभाळलीत कधी?" मी विचारलं.

"भरलेली गाडी सांभाळलीये."

"हात उगारता का?"

"मोठ्यांवरसुद्धा कधी उगारला नाही. आणि तिथं एक ठेवून द्यावीशी वाटणारे बरेच होते."

"मग निवृत्तीत आराम करायचा सोडून हे का?"

"आरामासाठीच तर आलेय," ती म्हणाली. "सगळी नोकरी उभ्यानं केली. कंडक्टरची सीट असते हो, पण गर्दीच्या मार्गावर तिच्यावर कुणाची तरी म्हातारी बसलेली असते. घरी बसले तर एकटीच भिंतीकडे बघत बसेन. लहान पोर दुपारी झोपतं, तेव्हा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, एवढंच माझं मागणं आहे."

मला हे भारी आवडलं. आत्तापर्यंत सगळ्यांनी मला मुलांची किती आवड आहे तेच सांगितलं होतं, आणि बसायला मिळावं म्हणून येणारी ही पहिलीच. मग तिनं माझी मुलाखत घेतली. आधीच्या का गेल्या, म्हणाली. मी एकेकीची कथा सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग थोडी पुढे झुकली.

"घरात काही भानगड?"

"भानगड करायला अक्कल लागते," मी म्हटलं. "माझ्या भावाकडे ती नाही."

झालं, बाई ठरली. आम्ही तिला कंडक्टरबाई म्हणायला लागलो आणि तिलाही ते चाललं.

आता मुलीबद्दल. साडेतीन वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. दिसायला गोड, बोलायला चुरूचुरू, पण सकाळी आई निघाली की जो आकांत मांडायची, तो चार इमारतींपलीकडे ऐकू जायचा. आईच्या पायाला मिठी मारायची, पर्सचा पट्टा धरायची, एकदा तर तिच्या बुटात पाणी ओतून ठेवलं. भावजय रोज डोळे पुसत जिना उतरायची आणि माझ्या काउंटरवरच्या आरशात तोंड नीट करून पुढे जायची. बाई कुणीही असो, हे ठरलेलं. आधीच्या बायकांतल्या निम्म्या या रडण्यालाच कंटाळल्या असतील, असा माझा अंदाज.

कंडक्टरबाईंचे पहिले दिवस काही फार थोर गेले नाहीत. तिच्या हाताला मीठ जास्त. दुपारी मुलीला झोपवायला बसली की आधी हिचाच डोळा लागायचा आणि घोरण्यानं मुलगी जागी व्हायची. जिन्यात भेटेल त्याला "डावीकडून, डावीकडून" करायची, त्यावरून वरच्या मजल्यावरच्या वकिलांशी तिची चांगलीच जुंपली. पण ती वेळेवर यायची आणि जिना भरभर चढायची. मी जिन्यावर नजर ठेवून होते.

दुसऱ्या आठवड्यात मात्र ती माझ्या दुकानात तणतणत आली. मुलीला कडेवर घेतलेलं नव्हतं, हाताला धरलं होतं. तिला माझ्या चादरींच्या ढिगाऱ्यावर चढायला सोडलं आणि खालच्या आवाजात, म्हणजे साधारण फुटपाथपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या घरात मला बसायला जागा नाही."

"म्हणजे?"

"वेताच्या खुर्चीत बसले तर ही म्हणते, ऊठ, ती नाजूकताईची. खिडकीतल्या स्टुलावर बसले तर ते अभ्यासूताईचं. निळ्या कपात चहा घेतला तर ओरडली, तो कुणा लग्न झालेल्या ताईचा म्हणे. पलंगाच्या कडेला टेकले, तर तिथं फोनवाली झोपते. आज मी ओट्याला टेकून उभ्यानं जेवलेय. मी विचारलं, अगं बाई, मग मी कुठं बसू? तर म्हणते, तू थोडेच दिवस आहेस. त्या सगळ्या सुट्टीवर गेल्यात, त्या आल्या की तू जाणार."

मला हसू फुटलं. तिला अजिबात आलं नाही.

"हसू नका. बदली कामगार म्हणतात याला. एखादा रजेवर गेला की त्याच्या जागी उभं करायचं आणि तो आला की घरी पाठवायचं. बसच्या नोकरीत मी रुजू झाल्यापासून कायम होते. या वयात एका साडेतीन वर्षांच्या पोरीनं मला बदली ठरवावं? कुणी सांगितलं तिला हे सुट्टीचं?"

कुणी सांगितलं हे मला विचारायची गरज नव्हती. पहिली बाई गेली तेव्हा मुलगी रडेल म्हणून माझ्या भावानं सांगितलं होतं, ताई सुट्टीवर गेलीये, येईल हं. दुसरी गेली तेव्हा तेच. पुढे त्याची घरात रीतच पडून गेली. बाई गेली की भावजयही तेच म्हणायची आणि खरं सांगायचं तर मीही म्हणायचे. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं, सगळे फक्त त्या दिवसापुरतं भागवत होते. आणि या एवढ्याशा पोरीनं सगळ्यांच्या जागा धरून ठेवल्या होत्या. नव्या बाईच्या मांडीवर ती का बसत नाही, हे आम्हाला कधी कळलंच नाही. मांडीवर बसलं की ती बाई कायमची झाली असती, मग जुन्या परत आल्यावर त्यांना काय सांगायचं?

संध्याकाळी वर बैठक बसली. भाऊ, भावजय, मी आणि कंडक्टरबाई. त्या वेताच्या खुर्चीकडे एक नजर टाकून बाई उभीच राहिली.

"पोरीला खरं सांगा," ती म्हणाली. "त्या बायका गेल्या, येणार नाहीत. हे सांगणार असाल तर मी राहते. नाहीतर मला सोडा. ज्या गाडीत सगळ्या सीटा राखीव आहेत तिथं मी काय करू?"

भावजयीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिच्या डोळ्यांसमोर केसपेपरची खिडकी आली असणार, मला कळत होतं.

"लहान आहे हो ती," भाऊ म्हणाला. "रडेल."

"रडू दे. रोज सकाळी काय गाणं म्हणते?"

शेवटी असं ठरलं की रविवारी भाऊ घरी आहे, त्यानं सांगायचं. खोटं त्यानं सुरू केलं, त्यानंच निस्तरायचं. रविवारी तो मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेला, दार लोटलं. आम्ही नणंद-भावजय बाहेर कान लावून बसलो. आतून रडण्याचा आवाज नाही, काही नाही. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, कपाळ पुसत.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

त्यानं पायाकडे बघितलं. "म्हटलं, त्यांची सुट्टी वाढलीये."

मी हातातली उशी त्याला फेकून मारली. भावजय हसायला लागली, मग हसता हसता तिचा चेहराच बदलला, आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा. माझा भाऊ दारात उभा राहून "अगं, ऐक ना" करत होता आणि ती काही ऐकत नव्हती.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी वर गेले. कंडक्टरबाई येऊन दाराशी उभी होती. भाऊ पहाटेच फिरतीवर गेला होता. आता काय ठरलंय ते ऐकायला बाई थांबली होती, तिची पिशवी अजून खांद्यावरच होती. भावजयीचीही पर्स खांद्यावर. मुलीनं नेहमीप्रमाणे पट्टा धरला. आणि भावजय एकदम खाली बसली, तिच्या तोंडासमोर तोंड आणून.

"भिंगरी, मला तुला एक सांगायचंय. आपल्या सगळ्या ताया गेल्या. सुट्टीवर नाही. गेल्या. त्या आता आपल्याकडे येणार नाहीत."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "नाजूकताई?"

"नाही येणार."

"अभ्यासूताई?"

"नाही येणार."

एकेकीचं नाव घेतलं तिनं. जी एकच दुपार आली होती, तिचंसुद्धा. मला वाटत होतं, तिला ती कधीच विसरली असेल. सगळ्यांची उत्तरं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मी बॅड होते म्हणून?"

"नाही गं माझ्या राजा, नाही," भावजय म्हणाली. "त्यांची त्यांची कामं होती. तू काहीच केलं नाहीस. आम्ही तुला सांगायला हवं होतं."

मग ती रडली. रोजचं रडणं वेगळं, त्यात हट्ट असायचा, थोडं नाटकही. हे तसं नव्हतं. तिनं पट्टा सोडून दिला आणि जमिनीवर बसून रडायला लागली. भावजय तशीच गुडघ्यांवर, घड्याळाकडे बघेना, उठेना. तिची ती हात पुढे करून बसलेली माणसं तिकडे वाट बघत होती. मी म्हणणार होते, की राहू दे आजचा दिवस, मरू दे ती खिडकी. शब्द अगदी ओठांवर आले होते.

कंडक्टरबाईंनी खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली. "तुम्ही निघा," ती भावजयीला म्हणाली. "मी आहे."

भावजय गेली. मी मागोमाग उतरून दुकान उघडलं, पण तोंड नीट करायला ती आरशापाशीसुद्धा थांबली नाही. वरून मुलीचा आवाज येत होता आणि ती रस्त्यानं चालत होती, पाठ एवढीशी करून. मला तिचा असा राग आला आणि अशी दया आली की मी त्या सकाळी एका गिऱ्हाइकाची बाही जाळली.

दुपारपर्यंत वरून रडणं येत राहिलं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मग एकदम शांत झालं. शांततेची मला जास्त भीती. इस्त्री केलेले पडदे पोचवायचं निमित्त करून मी वर गेले. दार उघडंच होतं. घरातल्या सगळ्या खुर्च्या आणि स्टुलं एकामागे एक लावलेली होती. भिंगरी सुजलेल्या डोळ्यांनी सगळ्यात पुढे बसून ताटाचं स्टिअरिंग फिरवत होती. मधल्या वाटेत कंडक्टरबाई हातात चमचा आणि ताटली घेऊन उभी.

"पुढचा थांबा बाजार," तिनं ओरडून सांगितलं. "कोण उतरणार?"

"नाजूकताई," भिंगरी म्हणाली.

"उतरा बाई, सावकाश, कंबर सांभाळा. टिंग टिंग." चमचा ताटलीवर वाजला. नाजूकताई उतरल्या. पुढच्या थांब्यावर फोनवाली, तिला उतरायला उशीर झाला म्हणून बाईंनी दोन शब्द ऐकवले. अशी सगळी गाडी रिकामी झाली. मग भिंगरीनं मागे वळून बघितलं.

"आता तू उतर."

"मी कशी उतरेन? मी कंडक्टर आहे. कंडक्टर उतरला तर गाडी हलणार कशी?"

भिंगरीनं यावर बराच विचार केला. मग तिनं मला विचारलं, की तू बसणार आहेस का, नाहीतर दारातून बाजूला हो. मी पडदे ठेवून मुकाट्यानं खाली आले.

संध्याकाळी कंडक्टरबाई तिला घेऊन दुकानात आली. भिंगरी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती, तोंड उघडं, लाळ बाईंच्या कॉलरवर. बाईंनी तिला माझ्या स्वच्छ चादरींवर अलगद ठेवलं. तेवढ्यात भावजय आली. बसस्टॉपपासून धावत आलेली दिसत होती, छाती भात्यासारखी हलत होती.

"झोपली? जेवली का? किती रडली?"

"जेवली. रडली पुष्कळ. मग खेळली."

"आणि... माझी आठवण काढली?"

मी काउंटरमागून बाईंना डोळ्यांनी खुणावत होते, की हो म्हण. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.

"नाही," कंडक्टरबाई म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी येणार हे तिला ठाऊक होतं."

जिच्यासाठी एवढा अट्टाहास केला, ती गोष्ट भावजयीला मिळाली होती. पोर तिच्यावाचून दिवसभर राहिली होती. आता खिडकी नाही, मशीन तिचं, ती माणसं तिची. आणि ती माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली, हातांत तोंड घेतलं आणि रडायला लागली.

मला बाईंचा संताप आला. "एक शब्द खोटा बोलला असतात तर काय झिजलं असतं तुमचं?" मी म्हटलं. "आई आहे ती."

"मीही आई आहे," कंडक्टरबाई म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खरोखर खाली आला. "माझा मुलगा शेजारणीकडे असायचा. ती रोज सांगायची, दिवसभर तुझंच नाव घेतो. गाडी डेपोत लागली की मी धावत यायचे, आणि तो खेळण्यातून मान वर करून बघायचासुद्धा नाही. मला वाटायचं, सोडून जाते म्हणून माझ्यावर रागावलाय. किती वर्षं तसंच वाटत राहिलं. तो मजेत असतो, एवढं कुणी सांगितलं असतं ना, तर मी सुखानं तिकिटं फाडली असती."

मी उगाचच एक घडी केलेला शर्ट उघडून पुन्हा घडी केला.

भावजयीनं बाहीनं नाक पुसलं. चादरींवर झोपलेल्या मुलीकडे बघितलं, मग बाईंकडे.

"मजेत होती म्हणजे काय काय केलं तिनं?" ती म्हणाली. "मी गेल्यापासूनचं सगळं सांगा. काही गाळू नका."

"सगळं? रडणंसुद्धा?"

"रडणंसुद्धा."

कंडक्टरबाई सांगायला लागली. भावजय पायरीवरून वर बघत ऐकत होती, डोळे गळत होते आणि फोनवालीच्या थांब्याला ती हसली. मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे मधेच कुणी कपडे घेऊन यायला नको.